किलोमीटरच्या वहीत चढाचा रकाना

आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की त्या दिवसांत या रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. अंतर साधारण ४५ किलोमीटर. बरेचजण संध्याकाळी निघतात, रात्रभर चालतात आणि उजाडायच्या सुमारास तुळजापूरच्या घाटाला लागतात. त्यांत कॉलेजची पोरं असतात, साठी उलटलेल्या मावश्या असतात, कित्येकजण अनवाणी असतात. सगळ्यात जड काय गेलं असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: शेवटचा घाट. आता आकडे बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे आणि तुळजापूर सुमारे साडेसहाशे मीटरवर. म्हणजे ४५ हजार मीटर आडव्या चालीत निव्वळ उभा चढ दोनशे मीटरच्या आसपास. तरी पाय आठवण ठेवतात ती त्या दोनशे मीटरांची.

डोंगरवाटांवर धावणाऱ्यांच्या जगात, म्हणजे ट्रेल रनिंगमध्ये, या उभ्या मीटरांचा हिशेब वेगळा ठेवतात. धावताना जेवढं वर चढलो तेवढं जमेला धरायचं, उतरलो ते वजा करायचं नाही. पन्नास मीटर उंचीची टेकडी चार वेळा चढून उतरलो, तर आपण निघालो तिथेच परत आलेले असतो, पण वहीत दोनशे मीटर एकूण चढ लागतो. आपल्याकडे धावणारा माणूस संध्याकाळी सांगतो, ‘आज दहा किलोमीटर झाले.’ चढ किती झाला, हे सहसा कुणी विचारत नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर मुळीच नाही, कारण ‘आपल्याकडे कुठे डोंगर आहेत?’ ही समजूत पक्की आहे. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे इथले धावणारे आपल्या दारातलं एक फार मोलाचं साधन वापरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आधी एका उभ्या मीटरची किंमत किती, ते पाहू. शाळेतलं भौतिकशास्त्र इथे पुरतं. साठ किलो वजनाचा माणूस शंभर मीटर वर चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेलं काम सुमारे ५९ हजार ज्यूल, म्हणजे १४ किलोकॅलरी. स्नायू मात्र मिळालेल्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्साच कामात आणतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च येतो पंचावन्न ते साठ किलोकॅलरी. सपाटीवर एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे याच माणसाला साठ. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. शंभर मीटर चढ म्हणजे साधारण एक जादा किलोमीटर, हा ढोबळ नियम यातूनच निघतो. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनाही स्पर्धा किती अवघड हे ठरवताना हेच सूत्र वापरते: अंतराच्या किलोमीटरांत एकूण चढाचे मीटर भागिले शंभर मिळवायचे.

हे आजकालच्या घड्याळांनी शोधलेलं शहाणपण नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच डोंगरातल्या चालीचा एक नियम मांडला होता. दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे दोन हजार फूट चढ बरोबर तीन मैल सपाट चाल. मीटरमध्ये बदललं, तर शंभर मीटर चढ म्हणजे साधारण आठशे मीटर आडवं अंतर. नेस्मिथने कॅलरी मोजल्या नव्हत्या, वेळ मोजला होता. तरी त्याचा आकडा आपल्या हिशेबाच्या जवळच बसतो.

मग उतरताना हा खर्च परत मिळतो का? सायकलवाल्याला बराचसा मिळतो, धावणाऱ्याला नाही. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोंगरशर्यतींच्या दहा धावपटूंना ट्रेडमिलवर चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे ४५ टक्क्यांपर्यंत, चालवलं आणि धावायला लावलं. त्यांच्या समीकरणात २० टक्के चढ घातला, तर धावण्याचा खर्च सपाटीच्या सुमारे अडीचपट येतो. २० टक्के उतारावर तो सपाटीच्या साधारण निम्मा होतो. तेवढंच अंतर चढून तेवढंच उतरलं, तर सरासरी खर्च सपाटीच्या दीडपट. याहून तीव्र उतारावर तर खर्च पुन्हा वाढायला लागतो, कारण शरीराला रोखून धरण्यातच स्नायू दमतात. जिथून निघालो तिथेच परत आलो, म्हणून चढ-उतार एकमेकांना फेडतात असं होत नाही.

याच अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट आहे. अगदी खड्या चढावर चालण्याचा खर्च धावण्यापेक्षा किंचित कमी येतो. म्हणून जगातले उत्तम डोंगरधावपटूही खडा चढ आला की गुडघ्यांवर हात दाबत झपाझप चालतात. आपल्याकडे चढावर चालायला लागलेल्याला बघणारे ‘दमला’ म्हणतात. त्याने तिकडे लक्ष देऊ नये. चालणंही सरावानेच येतं, आणि ज्याने ते घटवलेलं नाही तो स्पर्धेत खड्या चढावर मागे पडतो.

आता धाराशिवकडे येऊ. जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे, उंची सहाशे मीटरच्या आगेमागे. इथे एक गल्लत नेहमी होते, ती आधी दूर करायला हवी. उंचावर राहणं वेगळं आणि उंच चढणं वेगळं. उंचावर हवा विरळ असते, प्राणवायू कमी पडतो, महिनाभरात शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवून त्याच्याशी जुळवून घेतं. पण त्यासाठी धावपटू साधारण अठराशे ते अडीच हजार मीटरवर जाऊन राहतात. अविनाश साबळे याच बालाघाटाच्या पट्ट्यातला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तोही अशा सरावासाठी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला जाऊन राहिला होता. धाराशिवच्या साडेसहाशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्केच कमी असतो. तेवढ्याने रक्तात फारसा फरक पडत नाही. चढाचा फायदा मात्र जागेच्या उंचीवर अवलंबून नाही. कोकणातल्या समुद्रकाठच्या टेकडीवर चढलेले शंभर मीटर आणि तुळजापूरच्या घाटात चढलेले शंभर मीटर पायांच्या लेखी सारखेच.

आणि चढ या जिल्ह्यात आहे. तुळजापूरचा घाट आहे. येडशीजवळ रामलिंगचा घाट आहे. येरमाळ्याला येडेश्वरीचा डोंगर आहे, भूम तालुक्यात कुंथलगिरीची जैन मंदिरांची टेकडी आहे. धाराशिव शहराच्या शेजारी हातलादेवीचा डोंगर आहे, जवळच डोंगरात कोरलेली धाराशिव लेणी आहेत. परंड्याकडची जमीन सपाट होत जाते हे खरं. पण तिकडेही, दुष्काळी कामांतून बांधलेल्या पाझर तलावांचे बांध आहेत. आठ मीटर उंचीचा बांध पंचवीस वेळा चढला, तर दोनशे मीटर होतात.

या चढांची ठेवण सह्याद्रीपेक्षा वेगळी आहे. सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने जाताना अडीच-तीन किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या घरात चढ लागतो, आणि मध्ये विसावा जवळपास नाहीच. बालाघाट असा नाही. तोही लाव्ह्याच्या थरांचाच बनलेला आहे, पण इथे कडा बुटका आणि पठार रुंद. खालून पाहिलं की चढ छातीवर येतो, चढायला लागलं की थोड्याच वेळात संपतो, आणि माथ्यावर पोचताच सपाट माळ पसरलेला असतो. पुण्या-साताऱ्याच्या धावणाऱ्याला जे सहज मिळत नाही, ते इथल्या धावणाऱ्याला मिळतं: चढ संपल्या संपल्या सपाटीवर वेग घेण्याचा सराव. ही अवघड गोष्ट आहे. चढताना पावलं आखूड होतात, पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू भरून येतात, श्वास वर लागलेला असतो. अशा अवस्थेत माथ्यावर पहिले दोनशे मीटर पाय नीट उचलून धावता येणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. बहुतेकजण माथ्यावर पोचले की थांबतात, कमरेवर हात ठेवतात. त्यांनी दम घ्यायच्या आधी तेवढं अंतर धावून बघावं. महिन्याभरात फरक दिसतो.

चढ शरीरात नेमकं काय करतो? सपाटीवर वेग वाढवला की हृदयाचे ठोके वाढतात, पण त्याबरोबर प्रत्येक पावलाला जमिनीचा धक्काही वाढतो. चढावर ठोके तेवढेच वाढतात, आणि धक्का मात्र उलट कमी होतो. गॉट्शाल आणि क्रॅम या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवलं. नऊ अंशांच्या चढावर टाच टेकतानाचा आघात जवळजवळ नाहीसा झाला, तर नऊ अंशांच्या उतारावर तो सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ज्याची नडगी किंवा गुडघा वेगाच्या सरावाने कुरकुरतो, त्याला तेवढीच फुप्फुसांची मेहनत चढावर कमी त्रासात करता येते. भार तिथे दुसरीकडे जातो, पोटऱ्या आणि टाचेमागच्या शिरेवर. ती शीर दुखरी असेल त्याने खडे चढ काही दिवस टाळलेलेच बरे.

वेगवान धावपटूही चढाचा आधार घेत आले आहेत. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या मुलांना रविवारी ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांतून ३५ किलोमीटरच्या चढउताराच्या फेरीला नेत असत. त्या मुलांपैकी पीटर स्नेल आठशे मीटर धावायचा. त्याची शर्यत पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपायची, आणि तरी तो त्या फेरीला असायचा. २ सप्टेंबर १९६० ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने आठशे मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांचाच मरे हॅलबर्ग पाच हजार मीटरमध्ये पहिला आला.

इथे मला आपल्या भरतीच्या पोरांचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या दहा धावणाऱ्यांपैकी किती शर्यतीसाठी धावतात आणि किती भरतीसाठी, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्यामुळे सराव म्हणजे रोज तेच अंतर, रोज घड्याळ लावून, बहुतेक डांबरी रस्त्यावर. त्यातून नडगी दुखायला लागते, मग मलम, मग पट्टा, मग भरतीच्या तोंडावर विश्रांती. या मुलांनी आठवड्यातला एक दिवस डांबर सोडून मुरमाच्या चढावर घालवला, सात-आठ टक्क्यांच्या चढणीवर दोनशे मीटर जोरात वर आणि चालत खाली असं आठ-दहा वेळा केलं, तर धाप लागण्याचा सराव तोच होईल आणि हाडांना धक्का कमी बसेल. भरतीतल्या गोळाफेकीला लागणारी पायांची ताकद हा वरचा फायदा. यासाठी क्लबही लागत नाही आणि महागडे बूटही लागत नाहीत.

ज्यांना खरोखर डोंगरी शर्यत करायची आहे, त्यांचा हिशेब आणखी नेमका असायला हवा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, यवतेश्वरच्या घाटाने वर जाऊन परत येते. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी शर्यत आहे. अशा शर्यतींच्या माहितीत अंतराबरोबर एकूण चढ दिलेला असतो. चढाला अंतराने भागायचं आणि दर किलोमीटरमागे किती मीटर येतात ते पाहायचं. युरोपात मॉं ब्लां पर्वताला वळसा घालणारी प्रसिद्ध शर्यत सुमारे १७० किलोमीटरची आहे आणि तिच्यात सुमारे दहा हजार मीटर चढ आहे, म्हणजे किलोमीटरला साठच्या जवळ. समजा आपली शर्यत २५ किलोमीटरची, हजार मीटर चढाची आहे. किलोमीटरला चाळीस आले. मग शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत आठवड्याची लांब धाव हळूहळू याच प्रमाणाला आणायची. रोजची धाव तशी असायची गरज नाही. रोज चढ घेणारा रोज हळू धावतो आणि वेग विसरतो.

चाळीसचं हे प्रमाण धाराशिवमध्ये कसं आणायचं, ते कागदावर मांडून बघू. आपल्याला चाळीस मीटर उंचीची टेकडी सापडली आणि वाटेचा चढ दहा टक्के आहे. म्हणजे वाट चारशे मीटर लांब. पंधरा फेऱ्या केल्या, तर चढ सहाशे मीटर आणि वर-खाली मिळून अंतर बारा किलोमीटर. शंभर मीटरला एक किलोमीटर या सूत्राने ती धाव अठरा किलोमीटरच्या तोडीची झाली, आणि किलोमीटरला पन्नास मीटर पडले. सिंहगडाएवढा चढ एका टेकडीवर, सकाळी चहाच्या आधी. याउलट डांबरी रस्त्याने तेवढाच चढ गाठायचा म्हटलं, तर रस्ता बांधणारे चढ सहसा पाच-सहा टक्क्यांच्या आत ठेवतात. त्यामुळे शंभर मीटर वर जायला दोन किलोमीटर लागतात, आणि मागून ट्रक येत असतात ते वेगळंच. घाटाच्या रस्त्यावर धावण्यापेक्षा शेजारची गाडीवाट किंवा गुराख्यांची पायवाट केव्हाही बरी.

पण वहीतले सहाशे मीटर सगळे सारखे नसतात, हेही इथे सांगायला हवं. चाळीस मीटरच्या पंधरा फेऱ्यांत दर दोन-तीन मिनिटांनी उतार येतो, श्वास खाली बसतो, पोटऱ्या सैल होतात. सलग सहाशे मीटरच्या चढावर ती सोय नसते. तिथे अर्ध्या तासाहून जास्त वेळ तेच स्नायू त्याच कोनात काम करतात. याला बालाघाटात उत्तर नाही. उत्तर आहे जिममधल्या ट्रेडमिलमध्ये. पट्टा दहा टक्क्यांवर लावून सहा किलोमीटर चाललं-धावलं की सलग सहाशे मीटर होतात. कंटाळवाणं आहे, पण दहा-पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी पुरतं. महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला किंवा साताऱ्याला जाऊन खरा डोंगर चढता आला, तर त्याहून चांगलं काहीच नाही.

मोजायचं कसं, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आठ-दहा मित्रांनी एकाच वाटेवर धावून आपापले आकडे जुळवून पाहावेत. क्वचितच दोघांचे जुळतील. उपग्रहांवरून आडवी जागा बऱ्यापैकी अचूक कळते, उंचीत मात्र चूक जास्त राहते. म्हणून चांगल्या घड्याळांत हवेचा दाब मोजणारं साधन असतं. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने कमी होतो, आणि घड्याळ त्यावरून चढ काढतं. पण दाब हवामानानेही बदलतो. आपल्या अक्षांशावर पहाटे चारच्या सुमारास दाब उतरलेला असतो आणि सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो. फरक दोन-तीन मिलिबारचा. त्यामुळे पहाटे पाचला निघून आठला त्याच जागी परतलेल्या माणसाला घड्याळ दहा-पंधरा मीटर खाली आल्याचं दाखवू शकतं. घड्याळ बिघडलेलं नसतं. त्या तीन तासांत हवाच बदललेली असते.

माळरानावर दुसरी अडचण येते. इथली जमीन सपाट वाटते, पण ती सतत खालीवर होत असते: ओढ्यात उतरलं, वर आलं, बांध ओलांडला, पुन्हा खाली. हे दोन-तीन मीटरचे हेलकावे जमेला धरायचे की नाही, हे प्रत्येक ॲप आपल्या पद्धतीने ठरवतं. एक ॲप सगळे धरतं, दुसरं बारीकसारीक गाळून टाकतं, आणि वीस किलोमीटरच्या धावेत दोघांत मोठी तफावत पडते. खड्या डोंगरावर हा घोळ कमी होतो, कारण तिथे चढ म्हणजे चढच असतो. सर्वे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशावर उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात. त्यावरून मोजलं, तर माळाचे हेलकावे दिसतच नाहीत आणि फक्त खरे चढ उरतात. माझा कल या जुन्या पद्धतीकडे आहे. एकच साधन धरून ठेवावं आणि आपल्या गेल्या महिन्याशी आपला हा महिना ताडून पाहावा. दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना करून हाती काही लागत नाही.

घड्याळ नसेल तरी अडत नाही. जिथे पायऱ्या आहेत, तिथे फूटपट्टी पुरते. एका पायरीची उंची मोजायची आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणायचं. पंधरा सेंटिमीटरची पायरी असेल, तर शंभर मीटरला सुमारे ६६७ पायऱ्या. तुळजाभवानीच्या देवळात महाद्वारातून पायऱ्या उतरून आत जावं लागतं आणि दर्शन झाल्यावर चढून बाहेर यावं लागतं. येडेश्वरीला उलट. या पायऱ्या भाविकांच्या आहेत, त्यावर धावू नये; पण आपण शंभर मीटर म्हणतो ते नेमके केवढे, याचा अंदाज पायांना येण्यासाठी एकदा त्या मोजत चढायला हरकत नाही.

एकूण चढाच्या आकड्यात एक गोष्ट लपून राहते, ती म्हणजे उतार. चढायला फुप्फुसं लागतात, उतरायला मांड्या. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं तेव्हा कळते. पुण्याकडच्या शर्यतींना सपाटीवरून गेलेले धावपटू बहुतेक इथेच मोडतात, चढावर नाही. पहिल्या गडाच्या उतारावर मांड्या जातात, आणि पुढचा चढ त्या मांड्यांनी चढावा लागतो.

बालाघाटातला उतार शिकायला चांगला आहे, पण सोपा नाही. वाट मुरमाची असते, खाली कठीण तळ आणि वर सुटे गोल खडे. ते पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे फिरतात. घाबरून मागे रेललं की टाच आधी टेकते आणि तीच सरकते. त्यापेक्षा पावलं आखूड ठेवावीत, भरभर टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत, वजन पायांच्या वर राहावं आणि नजर दोन-तीन मीटर पुढे असावी. हात पसरले तरी चालतं. सुरुवातीला पाच टक्क्यांचा साधा उतार घ्यावा, मग दहा, मग त्याहून खडा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर जाऊच नये. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि घोटा मुरगळतो. मुरमाच्या वाटांवरचं पाणी मात्र लवकर ओसरतं. पाऊस संपल्यावर गवत वाढलेलं असतं आणि त्यात घोणस असते, फुरसं असतं. पाय कुठे पडतो ते दिसेल एवढा उजेड होईपर्यंत पायवाटेवर जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत तर सूर्य वर यायच्या आत घरी परतलेलं बरं. चढावर माणूस सावकाश जातो, त्यामुळे अंगाला वारा लागत नाही आणि शरीर सपाटीपेक्षा लवकर तापतं.

येडशीच्या रामलिंग घाटाबद्दल वेगळं सांगायला हवं. हा चढउतार फार सुंदर आहे, पण १९९७ पासून हा परिसर अभयारण्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, आणि तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आल्याचं निष्पन्न झालं. जंगलातल्या वाटा धावणाऱ्यांसाठी नाहीत. देवळाच्या रस्त्याने, दिवसाउजेडी आणि वनखात्याचे नियम पाळून जावं.

चढ वाढवताना घाई नको. वहीत आज महिन्याला तीनशे मीटर असतील, तर पुढच्या महिन्यात एकदम हजार करू नयेत. अंतर वाढवायचं त्या आठवड्यात चढ तेवढाच ठेवावा, आणि चढ वाढवायचा तेव्हा अंतर थोडं कमी करावं. उताराच्या बाबतीत शरीर एक मेहेरबानी करतं. एकदा जोरात उतरून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुन्हा घेतला तरी तेवढ्या दुखत नाहीत. हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. शर्यतीचं वेळापत्रक याच्यावर बसवता येतं. शेवटचा मोठा उतार, टेकडीवरून वेगाने घेतलेल्या दहा-बारा उतरणी, शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी घ्यावा. दुखणं पहिल्या आठवड्यात जातं, संरक्षण शर्यतीच्या दिवसापर्यंत टिकतं. शेवटच्या दहा दिवसांत चढ निम्म्यावर आणावा, उतार चालत घ्यावेत, आणि सपाटीवर दोनदा थोडा वेग घेऊन पाय मोकळे ठेवावेत.